न दिलेलं घेणं

वर्षावासात आमच्या विहारात बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, आश्विन पौर्णिमेला समाप्ती. एकदा वाचन आटोपल्यावर एका वयस्क उपासकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "बाई, तथागतांनी तृष्णा सोडायला सांगितली. तुम्ही दिवसभर कोर्टात लोकांना पैसे मागायला शिकवता. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात?" ते औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पाली शिकलेले गृहस्थ. टोमणे मारण्याचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. असं उत्तर चपला घालता घालता देता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात वकिली करते. वडील कोळसा खाणीत लोडर होते. आजी १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, मैदानात होती. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी बाबासाहेब इथं आले, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकारानं तो सोहळा झाला, आणि पुढे दोन महिने व्हायच्या आत बाबासाहेब गेले. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. नववी प्रतिज्ञा सगळी माणसं समान आहेत असं मानण्याची, आणि दहावी ती समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची. मानणं आणि प्रयत्न करणं यांना बाबासाहेबांनी वेगवेगळे क्रमांक का दिले, हे मला वकिलीत आल्यावर समजलं. समता न मानणारा मालक मला आजवर भेटलेला नाही. मॅनेजर मानतो, ठेकेदार मानतो, साहेब मानतात. कार्यालयाच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका लावलेली असते. फरक पगारपत्रकात दिसतो.

राजुरा-कोरपना भागात चुनखडीच्या खाणी आहेत आणि सिमेंटचे कारखाने आहेत. तिथल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारी एक बाई माझ्याकडे आली. पॅकिंग विभागात सांडलेलं सिमेंट गोळा करायचं, फुटक्या गोण्या बाजूला काढायच्या, बेल्टखालची धूळ उपसायची, हे तिचं काम. तिच्या शेजारी हेच करणारे पुरुष कागदावर 'हेल्पर' आणि ती 'स्वीपर'. हुद्दा वेगळा, म्हणून दर वेगळा. याबद्दल तिची तक्रारही नव्हती. ती आली होती पीएफचं विचारायला. बोलता बोलता निघालं की पगार बँकेत पूर्ण जमा होतो, मग ठेकेदाराचा मुन्शी वस्तीत येतो आणि ठरलेली रक्कम रोखीनं परत घेऊन जातो. जी देत नाही, तिचा गेटपास पुढच्या महिन्यात होत नाही. मी म्हटलं, म्हणजे तो तुमच्या पगारातून पैसे काढून घेतो. ती म्हणाली, "नाई जी मॅडम. त्यानं नाई घेतले. मीच त देल्ले, माह्या हातानं."

उपासक काकांचा प्रश्न आणि या बाईचं उत्तर मला एकाच ठिकाणी जाऊन मिळताना दिसतात.

पंचशीलातलं दुसरं शील न दिलेली वस्तू घेण्यापासून दूर राहण्याचं आहे. चोर रात्री येतो आणि न विचारता नेतो, तेव्हा शील मोडलं हे लहान मुलालाही कळतं. मुन्शी दिवसाढवळ्या येतो, नाव पुकारतो, बाई स्वतः नोटा मोजून देते. मग इथं शील मोडलं की नाही? वरवर पाहिलं तर दिलेलंच घेतलं. पण देणं कशाला म्हणायचं याबद्दल बुद्धवचन स्पष्ट आहे: दान देणाऱ्याचं मन देण्याआधी आनंदी असतं, देताना प्रसन्न असतं आणि दिल्यावर समाधानी असतं. त्या बाईच्या मनाची या तिन्ही वेळची अवस्था विचारा. आधी धास्ती, देताना लाज, दिल्यावर पोराच्या फीची काळजी. भुकेनं हातातून काढून घेतलेली वस्तू ही दिलेली वस्तू होत नाही. मुन्शीनं, त्याच्या ठेकेदारानं, आणि हे ठाऊक असून डोळे मिटणाऱ्या कंपनीनं दुसरं शील मोडलेलं आहे. ते बौद्ध नसले तरी फरक पडत नाही. शील मोडण्यासाठी ते आधी घ्यावं लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो पाहा. दिल्लीत १९८२ च्या एशियाडची बांधकामं चालली होती, तेव्हा तिथल्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशात जो राबतो तो स्वेच्छेनं राबत नाही, गरिबी आणि भूक हीच त्याच्यावरची सक्ती आहे, म्हणून ही संविधानाच्या तेविसाव्या कलमानं मनाई केलेली वेठ आहे, असं न्यायालयानं धरलं. २०१६ मध्ये पंजाबच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात, जगजित सिंग प्रकरणात, तेच सूत्र पुढे नेलं: समान कामासाठी कमी दाम कोणी खुशीनं पत्करत नाही, घर चालवायचं असतं म्हणून स्वाभिमान बाजूला ठेवून पत्करतो. त्या बाईच्या बाबतीत तर १९७६ चा समान वेतनाचा कायदा होताच, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही लिंगावरून पगारात किंवा भरतीत भेद करायला मनाई कायम आहे. काम तेच असेल तर कागदावर 'स्वीपर' लिहिल्यानं ते वेगळं होत नाही. 'मीच दिले' या वाक्याचा अर्थ शील आणि न्यायालय या दोघांनी एकच लावलेला आहे, आणि मला हा योगायोग वाटत नाही. तेविसावं कलम ज्या मसुदा समितीनं लिहिलं, तिचे अध्यक्ष पुढे आमच्या गावात दीक्षा द्यायला आले होते.

राहिला तृष्णेचा मुद्दा. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची गोष्ट येते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला. त्याला धम्म ऐकायचा होता, पण बैल शोधण्यात अर्धा दिवस गेला. तो उपाशीपोटी, धापा टाकत पोचला. सगळा संघ, सगळं गाव जमलेलं होतं आणि तथागत गप्प बसून त्याची वाट पाहत होते. तो आल्यावर त्यांनी आधी त्याला जेवायला वाढायला सांगितलं. तो जेवला, थोडा टेकला, मग देशना सुरू झाली. भिक्खूंमध्ये कुजबुज झाली, कारण असं पूर्वी घडलं नव्हतं. उत्तर मिळालं की भूक हा सगळ्यात मोठा रोग आहे. ज्या शास्त्यानं भुकेल्याला तृष्णेवर प्रवचन दिलं नाही, त्याच्या नावानं आपण भुकेल्याला 'हाव धरू नको' कसं सांगायचं? पीएफ, किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी या गोष्टी मागणाऱ्याची तृष्णा तपासण्याआधी, त्या अडवून ठेवणाऱ्याची तपासावी. आसक्ती तिथं आहे. आपलं नसलेलं घट्ट धरून ठेवण्याचं काम तोच करतो आहे.

आमच्या काकांना मी यापुढे जाऊन एक गोष्ट सांगेन, जी कदाचित त्यांना रुचणार नाही. दीघनिकायात सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाचा तरुण सिगाल रोज सहा दिशांना नमस्कार करायचा. तथागतांनी त्याला सांगितलं की आईवडील पूर्व, गुरू दक्षिण, बायको-मुलं पश्चिम, मित्र उत्तर, नोकर-कामगार खालची दिशा आणि श्रमण वरची. कामगाराप्रती मालकाची पाच कर्तव्यं सांगितली: ताकद पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारात काळजी घ्यावी, घरात गोडधोड झालं तर वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात गृहस्थांच्या विनयामध्ये मालक आणि नोकर यांच्यासाठी हे घेतलं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी आजारी मजुराची काळजी मालकाच्या धर्मात धरली गेली, याचा मला अभिमान आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेचं कार्ड पाहिलं की मला हे सुत्त आठवतं.

पण मालकानं पाचांपैकी एकही पाळलं नाही तर कामगारानं काय करावं? सुत्त इथं थांबतं. कामगारालाही त्यानं पाच कर्तव्यं दिलेली आहेत, मालकाच्या आधी उठावं, त्याच्यानंतर झोपावं, काम चोख करावं. मागण्याचा मार्ग मात्र दिलेला नाही. कर्तव्य मालकाच्या मनावर राहतं. ते चांगलं असेल तर कामगार सुखी, नाहीतर नशीब. मी वर्षानुवर्षं अशा चांगल्या मनाच्या मालकांच्या गोष्टी ऐकते आहे. दिवाळीला साडी देणारे, मुलीच्या लग्नाला उचल देणारे. यातल्या अनेकांकडे पगारपत्रक मागितलं की चेहरा बदलतो. दया करताना त्यांचा हात वर असतो. हक्कात दोन्ही हात एका पातळीवर येतात, आणि ते त्यांना सोसत नाही.

ही अपुरी राहिलेली बाजू बाबासाहेबांनी धम्मात येण्याआधीच भरून काढली होती, असं मला वाटतं. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणीत स्वतः खाली उतरले. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला, १९४६ मध्ये कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला अठ्ठेचाळीसवर आले. ताकद पाहून काम, आजारात काळजी, वेळेवर सुट्टी: सुत्तातल्या कर्तव्यांना त्यांनी कलमं, निरीक्षक आणि दंड जोडले. यात एक अवघड प्रसंगही आहे. युद्धाच्या काळात कोळसा कमी पडला म्हणून बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी सरकारनं उठवली, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात तिचं समर्थन करण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्या निर्णयाचं समर्थन मी आज करणार नाही. गरोदर बायकांना त्या अंधारात पाठवणं चूकच होतं, आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा आली हे बरं झालं. तरी त्याच भाषणात त्यांनी नोंदवलं की एखाद्या उद्योगात स्त्री-पुरुष न पाहता समान कामाला समान दाम हे तत्त्व इथं पहिल्यांदा मान्य झालं आहे. वाईट परिस्थितीतही त्यांनी ते तत्त्व कागदावर आणून ठेवलं. पुढे ते संविधानाच्या एकोणचाळिसाव्या कलमात आलं. २०१९ मध्ये बायकांना खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर खाली जाण्याची मुभा मिळाली, आणि आज एखादी मुलगी खाण अभियंता होते तेव्हा मला तो फेब्रुवारी महिना आठवतो.

आता जंगलाकडे येते, कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांत खरी मोठी मालक जंगलाची व्यवस्था आहे. रोपवाटिकेत रोपं जगवणं, जाळरेषा काढणं, पाणवठे भरणं, उन्हाळ्यात अंगारी म्हणून वणव्यावर लक्ष ठेवणं ही कामं रोजंदारीवर चालतात. एटापल्लीकडचा एक म्हातारा माडिया मजूर माझ्याकडे यायचा, यायला एस.टी.चा अख्खा दिवस मोडायचा. त्याच्या तरुणपणापासूनच्या कागदांची पिशवी सोबत. कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते. जमिनीखाली खाणीत काम करणाऱ्याला १९० दिवस पुरतात, कारण खालचा दिवस जास्त जड असतो. माझ्या वडिलांना या १९० चा आकडा पोरांच्या वाढदिवसापेक्षा पक्का ठाऊक होता. म्हाताऱ्याचे दिवस मात्र २४० च्या अलीकडेच संपायचे. आकडा जवळ आला की त्याला घरी बसायला सांगायचे, आणि काम तर थांबायचं नाही, म्हणून तोच माणूस भावाच्या नाहीतर बायकोच्या नावावर हजेरी लावून परत कामाला. युक्तिवादाच्या तयारीत मी त्याला विचारलं, साहेब म्हणतील तुम्ही त्या दिवसांत कामावर नव्हता, काय सांगायचं? तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "त्या दिवसांत रोपाले पानी कोनं देल्लं, तेवढं त्याहिले सांगा मना."

महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आहे. कायम नोकरीचे फायदे नाकारण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे, आणि गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटावर मेहेरनजर करणं हीसुद्धा. याच कायद्याखाली पुण्याच्या पाचगाव-पर्वतीच्या वनीकरणावरचे मजूर वनखात्याविरुद्ध लढले. जगन्नाथ मारुती कोंढरे या नावानं ओळखला जाणारा तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९५ मध्ये दिला. सरकारचं म्हणणं होतं की वनीकरण हे राज्याचं सार्वभौम कार्य आहे, उद्योग नाही. न्यायालयानं ते नाकारलं. मालकाच्या मनातला हेतू मजुरानं कसा सिद्ध करायचा, याचंही उत्तर दिलं: इतकी वर्षं तात्पुरतं ठेवलं, यातूनच हेतू दिसतो. पुढच्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९९६ ला, पाच वर्षं प्रत्येकी २४० दिवस भरलेल्या रोजंदारी वनमजुरांना कायम करण्याचा शासन निर्णय निघाला. दुसरा निघाला १६ ऑक्टोबर २०१२ ला, त्यात ६५४६ मजूर कायम झाले. चांद्याच्या दीक्षेचीच ती तारीख पाहून माझ्या घरात सगळ्यांचे डोळे भरून आले होते. त्या यादीत म्हाताऱ्याचं नाव नव्हतं. भावाच्या नावावरचे दिवस त्याच्या खात्यात आलेच नाहीत.

मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी मिरवणुकीनं रवाना झालं. लाकडाची पूजा झाली, रस्त्यावर गर्दी लोटली. श्रद्धेनं हात जोडणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की हे झाड रोप असताना ज्यानं वणव्यातून वाचवलं, त्याची हजेरी बरोबर लागली होती का, हे पाहणं पूजेच्या विधीत का असू नये? आमच्या विहारांनाही हाच प्रश्न आहे. तिथं फरशी बसवणारे, रंग देणारे मजूर ठेकेदाराचेच असतात आणि देणगीच्या पावतीपुस्तकात त्यांच्या किमान वेतनाची नोंद मी पाहिलेली नाही. कूटदंत सुत्तात बुद्धांनी एका आदर्श यज्ञाचं वर्णन केलं आहे. त्यात पशू मारले गेले नाहीत हे सगळे सांगतात. त्याच्या पुढचं क्वचित सांगितलं जातं: त्या यज्ञात एकाही दासाला, एकाही मजुराला दंडाच्या भीतीनं, रडवेल्या तोंडानं राबावं लागलं नाही, ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं, ज्यांना नव्हतं त्यांनी केलं नाही. धर्मकार्याची शुद्धता मजुराच्या चेहऱ्यावरून ठरवण्याची ही कसोटी मला कोणत्याही कर्मकांडापेक्षा मोठी वाटते.

जातीचं बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथं अस्पृश्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढे हाच विषय ठेवला होता. आज धागा तोंडानं ओढत नाहीत, पण झाडू कोणाच्या हातात आहे ते पाहा. एस.टी.च्या गाड्या झाडणाऱ्या-धुणाऱ्या माणसांची लढाई 'कास्ट्राईब' संघटनेनं सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली आणि २००९ मध्ये जिंकली. अनुचित प्रथा सिद्ध झाली तर कामगाराला कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार त्या निकालानं शाबूत राहिला. आजही मी हा निकाल हातात घेऊन उभी राहते. एका कार्यालयात ठेक्यावर संगणक चालवणारी मुलगी माझ्याकडे आली होती. सफाईवाली आली नाही की हिला झाडायला सांगायचे, आणि कारण म्हणून सांगायचे की तुम्हा लोकांना सवय असते. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला झाडायला भाग पाडणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात गुन्हा आहे. मुलीनं तक्रार केली, पुढच्या महिन्यात तिचं कंत्राट वाढलं नाही, आणि ते वाक्य ऐकलेल्या सहकाऱ्यांपैकी एकही साक्षीला आला नाही.

इथं आपला कायदा अपुरा आहे, हे मी स्पष्ट लिहिते. वेतन संहिता लिंगभेदाला मनाई करते, जातीभेदाचं नाव घेत नाही. समान संधीचं सोळावं कलम सरकारी नोकरीपुरतं आहे. खाजगी कारखान्यानं आडनाव पाहून अर्ज बाजूला ठेवला, तर कामगार न्यायालयात जाण्याची वाट नाही. फौजदारी कायद्याकडे वळावं लागतं, आणि तिथं निःसंशय पुरावा लागतो. भरतीपासून निवृत्तीपर्यंत जातीवरून होणाऱ्या भेदाला मनाई करणारा, नुकसानभरपाई देणारा, पुराव्याचा भार मालकावर टाकणारा कायदा आपल्याला हवा आहे.

आणि माझ्या समाजाशी मला वेगळं बोलायचं आहे. खाणीत, वीज केंद्रात, आयुध निर्माणीत आपली पहिली पिढी कायम झाली. त्या पगारावर आम्ही शिकलो. आज त्याच गेटमधून पर्मनंट एका रांगेनं आणि कंत्राटी दुसऱ्या रांगेनं आत जातात. कॅन्टीनमध्ये बाक वेगळे. मुलीचं लग्न ठरवताना पहिला प्रश्न 'मुलगा पर्मनंट आहे का'. युनियन कंत्राटी कामगाराला सभासद करून घेत नाही, आणि त्या युनियनच्या कार्यालयात बाबासाहेबांचा फोटो असतो. ज्यांच्या आजोबांना विणकाम खात्यात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांनी गोंड पोराला बाकावर बसू न देणं हे मला सहन होत नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमिकांची विभागणी म्हटलं होतं. ठेकेदारीनं तीच विभागणी नव्यानं उभी केली आहे आणि या वेळी आपण वरच्या पायरीवर आहोत. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७१ च्या नियमांत पंचविसावा नियम होता: कायम कामगारासारखंच काम ठेकेदाराच्या माणसाकडून घेतलं तर वेतनही तेच. या नियमासाठी कायम कामगारांनी संप केल्याचं मी आमच्या भागात पाहिलं नाही.

साहेब लोकांकडून आणखी एक उपदेश ऐकू येतो, फळाची आशा न धरता काम करा. गीतेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हा वापर खटकतो. निष्काम कर्म ही माणसानं स्वतः स्वतःवर घालून घ्यायची शिस्त आहे. ती दुसऱ्यावर लादता येत नाही, आणि ज्याच्या खिशात त्या कामाचं फळ जातं त्यानं तर उच्चारूही नये.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात मी गेले तेव्हा मात्र या सगळ्याकडे वेगळ्या बाजूनं पाहता आलं. पूर्वी गडचिरोलीतला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी तुटायचा आणि तोडणारे गावकरी मजूर असायचे. २००९ मध्ये मेंढा गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. आता तोडणारा आणि विकणारा एकच. निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. सिगालाची खालची दिशा तिथं उरत नाही. सिमेंटचा कारखाना ग्रामसभा चालवू शकणार नाही, हे मला कळतं. तरी मजुराला विचारल्याशिवाय मजुरीचा दर ठरू नये एवढं तरी तिथून शिकता येईल.

उपासक काकांना माझं उत्तर असं की मी लोकांना पैसे मागायला शिकवत नाही, न दिलेलं घेतलं गेलं ते परत मागायला शिकवते. आणि हे दहाव्या प्रतिज्ञेतलं काम आहे. ते त्यांनीही करावं. पाली येतं, हिशेबही येतो. वस्तीतल्या बायकांची हजेरी आणि बँकेची पासबुकं त्यांनी रविवारी विहारात बसून ताडून पाहिली, तर माझं अर्धं काम होईल.

वाचणाऱ्या कामगार बंधू-भगिनींनो, आपले कामाचे दिवस आपल्या वहीत आपल्या हातानं लिहा. गेटपासचा फोटो काढून ठेवा. पगारपत्रक आणि नेमणुकीचं पत्र लेखी मागा, आणि बँकेत जमा झालेली रक्कम कोणी परत मागायला आला तर तारीख आणि रक्कम त्याच दिवशी नोंदवा. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चानं वकील मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करायला पैसे लागत नाहीत.